उचललेला बेलभंडार

आमच्या गावातल्या पुरुषांचं एक गुपित होतं, आणि ते गावातल्या सगळ्या बायकांना पाठ होतं.

त्या मंडळींचं नाव जोडभाऊ. रविवारी दुपारी ती त्यांचे म्होरके कुशाबा यांच्या कांद्याच्या बराखीत जमत. बराख म्हणजे कांदा साठवायची लांब चाळ. दोन्ही अंगांना बांबूच्या पट्ट्यांचे कप्पे, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, खालून वारा खेळता. दार आतून लावून घेत. नवा गडी घ्यायचा असला की त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधून त्याला फळीवर चढवत आणि सांगत, खाली विहीर आहे, भावांवर भरवसा ठेव आणि चाल. खाली विहीर नसायची, कांदा असायचा. फळी पार झाली की त्याच्या ओंजळीत बेल आणि भंडारा ठेवायचा, बुधलीतलं तेल घालून खंडोबाची दिवटी पेटवायची, आणि घरातल्या कुणाची तरी शपथ घालून वदवून घ्यायचं की इथलं इथंच राहील, भावाविरुद्ध तोंड उघडणार नाही. मग कुशाबा त्याला पोटाशी धरत. झाला जोडभाऊ.

आम्हाला हे ठाऊक असायचं, कारण सोमवारी त्याच बराखीत आम्ही कांदा निवडायला बसायचो. सांडलेला भंडारा आम्ही झाडायचो, दिवटीचं तेल आम्ही पुसायचो, फळीवर उमटलेली पावलं कुणाची हे ठसा बघून सांगायचो. राहिलेलं नवरे झोपेत सांगायचे. त्यांचं हात मिळवणंसुद्धा आम्हाला येत होतं. अंगठा समोरच्याच्या मनगटावर दाबायचा आणि म्हणायचं, "दिवटी कुठं?" समोरच्यानं म्हणायचं, "बुधलीत तेल हाय." माझ्या शेजारी बसणारी साळुबाई निवडता निवडता माझं मनगट धरायची आणि कुशाबांचा घोगरा आवाज काढायची, "दिवटी कुठं गं, इंदे?"

"तुझ्या चुलीपाशी. कांदा बघ, सडका चांगल्यात टाकलास."

बाहेर मात्र या मंडळींबद्दल काय काय बोललं जायचं. बराखीत धन पुरलंय, कोंबडं कापतात, ग्रामपंचायतीत कोण निवडून येणार हे तिथंच ठरतं. एकदा मंचरहून एक वार्ताहर आला आणि पेपरात 'गुप्त पंथ' म्हणून छापून आलं. ग्रामसभेत मास्तरांनी उठून विचारलं, "दार लावून असं चालतं तरी काय?" कुशाबा शांतपणे म्हणाले, "भजन." मागं बसलेल्या सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या.

पण खरं सांगायचं तर ती माणसं वाईट नव्हती. आमच्या घरच्यांचं नाव हौशीराम. लिहिताना घेते, बोलताना घेत नाही. हे तापानं अंथरुणावर होते त्या साली आमचा भात जोडभावांनीच काढून दिला होता. घोडनदीच्या पुरात आमची मोटर वाहून चालली होती, तेव्हा कुशाबांनी छातीभर पाण्यात उतरून ती धरली होती. त्याच वर्षी हे जोडभाऊ झाले. घरी आले तेव्हा तळहात पिवळे होते. मी काही विचारलं नाही. हातावर पाणी घातलं.

विचारायचं नाही, हे मला पटत होतं. मी स्वतः नेमाची बाई. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी आहेतच. चातुर्मासात कांदा-वांगं बंद, आणि रोज त्या त्या वाराची कहाणी कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण नाही. दिवसभर कांद्यात बसून कांदा न खाणारी मी एकटीच, म्हणून साळुबाई मला 'कांद्यातली वारकरीण' म्हणायची. पण माझी कहाणी रोज तीच ऐकायची. आमच्यात कहाणी ऐकायची एक रीत आहे. ऐकणाऱ्यानं मुठीत तांदळाचे दाणे धरायचे. कहाणी पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. पुरी झाली की दाणे देवाला वाहायचे, आणि मगच घास. साळुबाई एका हातात दाणे धरायची आणि दुसऱ्या हातानं कांदा निवडायची. "आवर गं लवकर, तुझ्या देवाला भूक लागली नसंल, मला लागलीय," म्हणायची, पण मधून कधी उठली नाही.

ज्या वर्षी कांदा सोन्याच्या मोलानं गेला, त्या वर्षीची ही गोष्ट.

माझं माहेर आळ्याचं. धाकटा भाऊ गेणू टेम्पो चालवतो, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात नेऊन घालतो. नारळी पौर्णिमेला त्याला भाडं लागलं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी, रविवारी, राखी बांधून घ्यायला माझ्याकडे निघाला. मी ओवाळायचं ताट मांडून बसले होते. तो आलाच नाही. संध्याकाळी निरोप आला की आमच्या फाट्यावर साळुबाईचा मुलगा कुंडलिक रक्तात पडलेला सापडला, गेणूनंच त्याला टेम्पोत घालून मंचरला दवाखान्यात नेला.

मला भावाचा अभिमान वाटला. तो एक रात्र टिकला.

कुंडलिकची सायकल गेणूच्या टेम्पोखाली चेमटलेली एसटीतल्या लोकांनी पाहिली होती. गेणू सांगत होता, "पोराला जवळून उचलावं म्हणून मी गाडी मागं घेतली, तेव्हा सायकल चाकाखाली आली. पोरगं आधीच पडलेलं व्हतं." पण ऐकणार कोण? कुंडलिकच्या मांडीत खोल जखम, पायाचं हाड मोडलेलं. त्याला विचारलं तर तो भिंतीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, "काय आठवत न्हाई." साळुबाईनं चौकीत तक्रार दिली. टेम्पो चौकीत अडकला, त्यातला माल तिथंच नासला. जामीन झाला, पण खटला घोडेगावच्या कोर्टात उभा राहिला. आळ्यात कुणी गेणूच्या टेम्पोत माल भरायला तयार होईना. ज्यानं उचललं, त्यालाच लोक म्हणू लागले की यानंच उडवलं.

त्या रविवारपासून माझ्यासाठी दोन गोष्टी बदलल्या. साळुबाईनं माझी कहाणी ऐकणं बंद केलं. आणि हे जेवताना मान वर करेनात.

त्या रविवारी हे घरी आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं. "गाय व्याली कुणाची तरी," असं म्हणाले. श्रावणात आमच्या वस्तीवर कुणाची गाय व्यालेली मला ठाऊक नव्हती. मी सदरा धुतला. तळहात पाहिले. पिवळे होते.

एका दुपारी भाकरी वाढताना मी म्हटलं, "गेणूनं न्हाई केलं."

"मला इचारू नको," हे म्हणाले.

"इचारलं कुठं? मी सांगितलं."

यांनी ताट पुढं सारलं. "इंद्रे, मी वृषालीच्या डोक्यावर हात ठेवून बोललोय. तुला न्हाई कळायचं."

वृषाली आमची लेक. तेव्हा ती पाटीवर बाराखडी गिरवत होती. मी आवाज चढवला नाही. मला चढवता येतही नाही. मी म्हटलं, "माझ्याइतकं कुणाला कळणार? तुमची शपथ तुमी सांभाळा. मी मोडायला लावणार न्हाई. पण मी ती घेतलेली न्हाई, एवढं ध्यानात असू द्या."

हे पाटावरून उठले. भाकरी तशीच राहिली.

दसऱ्याच्या आधी बराखीत वास सुटला. कोपऱ्यातला एक कप्पा कुशाबांनी श्रावणापासून उघडू दिला नव्हता. "त्यातला माल शेवटी," म्हणायचे. पण कांदा कुणाचं ऐकत नाही. एक सडला की शेजाऱ्याला घेऊन सडतो. भाव रोज चढत होता, व्यापारी ट्रक घेऊन येणार होता, आणि कुशाबा नेमके भीमाशंकरकडे तळेघरला लेकीच्या घरी गेलेले. त्यांच्या मुलानं आम्हाला कप्पा उघडायला सांगितला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो जोडभाऊ नव्हता.

त्या कप्प्यात आम्ही दोघीच मावत होतो, साळुबाई आणि मी. ती माझ्याकडे पाठ करून बसली. टोपल्यामागून टोपली बाहेर जात होती. कांदा निवडता निवडता माझ्या हाताला लाकूड लागलं. ओढलं तर फळीचा तुकडा. मधून मोडलेली, आतून भुसभुशीत कुजलेली. जिथं मोडली होती तिथं खालच्या बांबूची पट्टी फुटून भाल्यासारखी वर आली होती, आणि तिच्या टोकाला काळं वाळलेलं काहीतरी होतं.

"साळे," मी म्हटलं.

"माझ्याशी बोलू नगं."

"बोलत न्हाई. बघ फक्त."

ती वळली. फळी बघितली, पट्टी बघितली. मग माझ्या पायाशी वाकली आणि पट्टीखालच्या कांद्यातून एक चप्पल उपसून काढली. कोल्हापुरी, अंगठ्याला निळ्या सुतळीचा टाका. तो टाका तिनंच घातलेला होता. फाट्यावर कुंडलिकच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी टेम्पोनं फरपटत नेली, असं तक्रारीत लिहिलं होतं.

साळुबाई चप्पल मांडीवर घेऊन बसली. शिव्या देईल, छाती बडवेल असं मला वाटलं. तिनं चप्पल पदरानं पुसली. मग हळूच म्हणाली, "फळीवरून पडलं गं माझं पोरगं. कांद्यात."

"हो."

"आन मी गेणूला तळतळाट दिला. दवाखान्यात तो रात्रभर बाकड्यावर बसून व्हता, मला चहा आणून देत व्हता. अन् मी त्याच्या तोंडावर चहा फेकला."

ती तडक उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसली आणि हात पुढं केला. "दाणे दे. सांग तुझी कहाणी." ऐकून झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. कुंडलिक तोंड उघडत नव्हता, नुसता रडत होता. त्यानं शपथ घेतली होती ती आईच्या डोक्याची. "मेल्यानं माझं डोकं वापरलं, मला न इचारता! म्हणतो, बोललो तर तू मरशील. म्हटलं, मी मरायची तवा मरंन, तुझ्या भंडाऱ्यानं कशाला?" ती चौकीत तक्रार मागं घ्यायलाही गेली होती. तिथं तिला सांगितलं की बाई, आता खटला उभा आहे, तू म्हणतेस म्हणून मिटत नाही. पोरानं काय घडलं ते सांगू दे, नाहीतर जे हजर होते त्यांनी सांगू दे.

जे हजर होते त्यांच्यातले एक माझ्या घरी अन्न टाकत होते, आणि रात्री झोपेत फाटा, सायकल, जीप असं बडबडत होते.

दिवाळीआधी मी कार्तिकातल्या उद्यापनाचं सामान आणायला मंचरला फतेचंदशेठच्या दुकानात गेले. चार महिन्यांचा नेम कार्तिकी एकादशीला संपतो, दुसऱ्या दिवशी उद्यापन. जो नेम धरला तो रीतसर खाली ठेवायचा, देवाला सांगायचा, लोकांना जेवू घालायचं. शेठच्या घरच्या कस्तुरबाई माझ्याहून मोठ्या, त्या जैन, त्यांचाही चौमासा म्हणजे चातुर्मास कडक असतो. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. मी नेहमी त्यांना वर जाऊन भेटते. दोघी नेमाच्या बायका भेटल्या की बोलणं उपासाच्या पदार्थांवर जातं, त्या दिवशी मात्र मी सरळ विचारलं.

"कस्तुरबाई, घेतलेला नेम कुणाच्या जिवावर उठला तर काय करायचं?"

त्या तूप कढवत होत्या. म्हणाल्या, "आमच्यात नेम घेतानाच आगार ठेवतात."

"म्हणजे?"

"सूट. घेतानाच म्हणायचं, की चुकून झालं तर, कुणाचा जीव संकटात असला तर, त्यानं हा नेम मोडत नाही. देव काय सावकार आहे का, दारात बसून राहायला? आणि वेळ झाली की नेम पारायचा, म्हणजे रीतसर सोडायचा. घेताना जसे हात जोडले, तसेच सोडताना जोडायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ज्यानं नेम घेतला पण सोडायची रीत शिकला नाही, तो नेमात नाही हो, अडकलाय."

एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की जोडभावांकडे बेलभंडार उचलायची एवढी थाटामाटाची रीत आहे, पण ठेवायची नाही. कुणी ठेवलेला मी कधी ऐकला नव्हता. उचललेलं घेऊन ती माणसं नुसती फिरत होती, काही काही तर म्हातारी होईपर्यंत.

भाऊबीजेला गेणू आला. ओवाळून घेतलं, पण श्रावणातली राहिलेली राखी बांधू दिली नाही. "खटला संपल्यावर बांध, ताई. आता हात पुढं करायला लाज वाटती."

मी राखी देव्हाऱ्यात ठेवून दिली.

उद्यापनाला मी सगळ्या जोडभावांना सांगावा धाडला. कुशाबांकडे स्वतः गेले. डोक्यावरून पदर घेतला आणि म्हटलं, "तात्या, माझ्या कहाणीचं उद्यापन हाय. जोडभावांनी पंगतीला बसावं अशी इच्छा हाय."

कुशाबा थोडे चमकले. "आमीच का गं?"

"भाऊ म्हणवता ना? भाऊ जेवल्याशिवाय माझा नेम उतरत न्हाई."

प्रसादाला नाही म्हणायची कुशाबांची जात नव्हती. म्हणाले, "येतो."

यांना मी काही सांगितलं नाही. मी पुरण वाटत असताना यांनी मात्र माझ्याकडे पाहून विचारलं, "तू काय करणार हाईस?"

"कहाणी सांगणार हाय. रोज सांगते."

दुपारी ओसरीवर पंगत मांडली. पाटावर देव, पुढं समई, आणि देवापुढं एक रिकामं तांब्याचं ताम्हण. मंडळी आली, कुंडलिकही कुबडी घेऊन आला. साळुबाई त्याच्या मागं बसली. गेणूला मी आतल्या खोलीत बसवलं होतं. पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि चार महिन्यांनी घरात आलेली कांदाभजी. वास सुटला. मग मी एकेकाच्या मुठीत तांदूळ घातले. सगळे हसत होते. कुशाबांनी मूठ मिटली आणि म्हणाले, "आटप बाई, भज्यांचा जीव जाईल."

मी पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली.

"एक गाव होतं. गावात चांगली माणसं राहायची. पुरात एकमेकाच्या मोटरी धरायची, आजाऱ्याचा भात काढून द्यायची. ती एकमेकाला भाऊ म्हणायची. एका रविवारी त्यांनी एका पोराचे डोळे बांधले आणि त्याला फळीवर चढवलं."

पानांवरून सगळ्यांच्या माना वर आल्या.

"फळी वरून चांगली दिसत होती. आतून कांद्याच्या ओलीनं कुजली होती. पोरगं मध्यावर आलं आणि फळी मोडली. खालची बांबूची पट्टी मांडीत घुसली."

कुशाबा म्हणाले, "इंद्रायणी, ही कुठल्या पोथीतली कहाणी?"

"पोथीतली न्हाई, तात्या. ऐकणारानं मधी बोलू नये, अशी रीत हाय." मी आवाज वाढवला नाही. "ती माणसं घाबरली. वाईट न्हवती, घाबरली. पोराला उचलून फाट्यावर नेलं. सायकल शेजारी ठेवली, म्हणजे सायकलवरून पडला असं दिसावं. आणि जीप आणायला धावली. मरू द्यायचं त्यांच्या मनात न्हवतं. तेवढ्यात परगावचा एक माणूस बहिणीकडे राखी बांधून घ्यायला निघालेला तिथं आला. त्यानं विचार केला न्हाई, पोराला उचललं. म्हणून पोराचा पाय राहिला. आणि त्या माणसावर खटला भरला."

हे मान खाली घालून बसले होते. मूठ इतकी घट्ट होती की शिरा वर आल्या होत्या.

"त्या गावात एक देव होता," मी म्हटलं. "त्याच्यापुढं सगळ्यांनी बेलभंडार उचलला होता. तो देव वाट बघत बसला होता, की हे आता खाली ठेवतील, मग ठेवतील. उचललेलं ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं." मी थांबले. "पुढं मला येत न्हाई."

"म्हंजे?" कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे त्या बराखीत मी न्हवते. पुढची कहाणी ऐकणारांनी पुरी करायची हाय."

सगळे एकमेकाकडे बघू लागले. मग आपापल्या मुठीकडे. कहाणी पुरी नाही, तर तांदूळ टाकता येत नाही. तांदूळ टाकले नाहीत, तर जेवता येत नाही. समोर पोळीवरचं तूप थिजत चाललं होतं.

कुशाबा उठले. "मी येतो मग."

"तात्या, तांदूळ?"

"न्हेतो घरी."

"घरी न्हेऊन काय करणार?" साळुबाई मागून म्हणाली. "खिचडी?"

एकाला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. कुशाबा उभेच राहिले. देवाचे दाणे मुठीत घेऊन उंबरा ओलांडायचा कसा, हे त्यांनाही कळेना. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शपथा घातल्या, तेच सगळ्यांत जास्त शपथेला भिणारे होते.

तेव्हा हे बोलले. 

"आणि त्या गावात एक माणूस व्हता. पोराला उचललं तवा पाय त्यानं धरले व्हते. फाट्यावर सायकल त्यानंच आडवी केली." यांनी एकदा वृषालीकडे पाहिलं. ती खांबाला टेकून भजं खात होती, नियम तिला लागू नव्हता. "ज्याच्यावर आळ आला तो त्याचा मेहुणा व्हता. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला व्हता, म्हणून तो गप बसला. दोन घास गिळत न्हवते त्याला."

"म्हणू दे की, चुकलो," मी हळूच म्हटलं.

"चुकला तो माणूस."

कुंडलिकनं कुबडी जवळ ओढली. "मी बोललो तर आई..."

"डोकं माझं हाय का तुझं?" साळुबाई म्हणाली. "मी माझ्या डोक्यावरून तुझा हात काढून टाकला. बोल, रांडेच्या, पोळी थंड व्हतीय."

कुंडलिक रडत रडत बोलला. फळी, अंधार, पट्टी, मग टेम्पोतल्या माणसाचा आवाज, "झोपू नको रं, बोलत ऱ्हा माझ्याशी." एवढंच त्याला स्पष्ट आठवत होतं, आणि तेच त्यानं इतके दिवस लपवलं होतं. मग दुसरा बोलला, मग त्याच्या पलीकडचा. कुणी स्वतःचं नाव घेतलं नाही. 'त्या गावात एक माणूस व्हता' असंच प्रत्येकानं म्हटलं. त्या ओसरीवर ते शोभत होतं.

कुशाबा शेवटी राहिले. ते भिंतीला धरून पुन्हा पाटावर बसले. 

"फळी मीच टाकली व्हती," ते म्हणाले. 'एक माणूस व्हता' असं त्यांनी म्हटलं नाही. "कुजलीय हे मला दिसलं व्हतं. म्हटलं, हे पोरगं हलकं हाय, आजचा दिवस निभल. फाट्यावर न्यायचं बी मीच बोललो. मंडळीचं नाव खराब व्हईल म्हणून." मग माझ्याकडे वळले. "बापानं मला उचलायला शिकवलं, बाई. ठेवायचं न्हाई शिकवलं. कसं ठेवायचं?"

"जसं उचललं तसं," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी. आणि म्हणायचं, देवा, हे धरल्यानं दुसऱ्याचा जीव जात व्हता, म्हणून ठेवतो. राग धरू नको."

ताम्हणात मी बेल आणि भंडारा ठेवला. कुशाबांनी त्यातला उचलला, कपाळाला लावला, मी सांगितलं ते शब्द म्हटले आणि खाली ठेवला. तांदूळ देवाला वाहिले. मग यांनी, मग कुंडलिकनं, मग सगळ्यांनी. ताम्हण पिवळं झालं. मग मी शेवटचं वाक्य म्हटलं, कहाणी पुरी झाली, आणि आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "गेणू, ये रे. पंगत तुझ्यासाठी खोळंबलीय."

कुशाबांनी आपल्या शेजारी पाट सरकवला.

दुसऱ्या दिवशी ते कुंडलिकला आणि यांना घेऊन चौकीत गेले आणि जबाब दिला. कोर्टाला कोर्टाचा वेळ लागला, कुशाबांना दंड बसला, त्यांनी तो मुकाट्यानं भरला. गेणू सुटला. जोडभाऊ मंडळ मोडलं नाही. फक्त फळी जाळली आणि रविवारी बराखीचं दार उघडं राहू लागलं. उघड्या दारात त्यांना फारसं काही करण्यासारखं सापडेना, म्हणून ते खरंच भजन म्हणू लागले. मास्तर आता तक्रार करतात की सुरात नाही.

निकालाच्या दिवशी गेणू थेट आमच्याकडे आला. टेम्पोला हार घातलेला. मी देव्हाऱ्यातली राखी काढली. तिचा गोंडा चपटा झाला होता, तरी बांधली. ओसरीवर कुशाबा बसले होते. ते उठले, गेणूचा हात हातात घेतला आणि राखीच्या वर अंगठा दाबून, जुन्या सवयीनं, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दिवटी कुठं?"

गेणू गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

"बुधलीत तेल हाय, असं म्हण," मी सांगितलं.

कुशाबा माझ्याकडे वळले. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "तुला... हे कुणी सांगितलं?"

"बसा, तात्या," मी म्हटलं. "चहा टाकते."

आतून साळुबाईचं हसू ऐकू येत होतं.